दोष एकट्या लाईनीचा नव्हता



३० सप्टेंबर २०२५ रोजी एओएल या अमेरिकन कंपनीने आपली डायल-अप इंटरनेट सेवा कायमची बंद केली. ती इतकी वर्षे चालू होती, हीच आपल्यापैकी बऱ्याच जणांना बातमी वाटली असेल. मग पुढचे काही दिवस मोडेमच्या त्या किंचाळण्याच्या फिती सगळ्यांच्या मोबाईलवर फिरल्या. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमातही त्यावर एक नाटुकले झाले. नवरा इंटरनेट लावतो, तेवढ्यात सासूबाई भारतात फोन करायला रिसीव्हर उचलतात, लाईन तुटते आणि हॉल हसतो. मीही पोट धरून हसले.

घरी गेर्लिंगेनला परतताना मात्र मनात काहीतरी खटकत राहिले. त्या काळाचे सगळे खापर आपण एका आवाजावर आणि एका लाईनीवर फोडून मोकळे झालो आहोत. लाईन वाईट होती, आता चांगली झाली, संपली गोष्ट! लग्नापूर्वी मी साताऱ्यात मराठी घेऊन एम.ए. केले आणि पुस्तकांची परीक्षणे लिहायची थोडीफार सवय होती. तेव्हा म्हटले, पुस्तकांचे करतो तसे त्या दिवसांतल्या मराठी इंटरनेटचे एक परीक्षण का करू नये? कौतुकही करावे आणि कान उघाडणीही.

प्रथम लाईनीबद्दल, कारण आरोपी क्रमांक एक तीच आहे.

यांच्या नोकरीमुळे आम्ही १९९७ च्या शरद ऋतूत गेर्लिंगेनला आलो. श्टुटगार्टच्या पश्चिमेला टेकडीच्या कुशीतले गाव, यू-सहाचा शेवटचा थांबा, वर शिलरहोहेवर बॉशचे मुख्यालय. लेक सहा महिन्यांची होती, जर्मन भाषा मला नव्हती आणि घरात होता एक फोन आणि एक ३३.६ किलोबिटचा मोडेम. जर्मनीत तेव्हा स्थानिक कॉलसुद्धा मिनिटावर मोजला जाई. डॉइच टेलिकॉमच्या १९९६ च्या दरपत्रकानुसार एक 'आइनहाइट', म्हणजे एक युनिट, १२ फेनिगचे. दिवसा ते ९० सेकंद चाले, संध्याकाळी १५० सेकंद आणि रात्री नऊनंतर २४० सेकंद. म्हणजे दिवसा तासाला ४ मार्क ८० फेनिग आणि रात्री १ मार्क ८० फेनिग, शिवाय इंटरनेट देणाऱ्याचे पैसे वेगळे. एका पगारात घर चालवणाऱ्यांना हा फरक लहान नव्हता. म्हणून आमचे इंटरनेट रात्री नऊला सुरू होई. तेव्हा हिवाळ्यात साताऱ्यात रात्रीचे दीड वाजलेले असत. ज्यांच्याशी बोलायचे ते झोपलेले, आणि ते जागे असताना आमचे युनिट महाग! मोडेमशेजारी मी स्वयंपाकघरातले अंडी उकडायचे घड्याळ ठेवले होते. चार मिनिटे झाली की ते वाजे आणि माझ्या काळजात धस्स होई.

हे दुखणे फक्त आपले नव्हते. १ नोव्हेंबर १९९८ रोजी जर्मनीत फोनच्या दरांविरुद्ध 'इंटरनेट संप' झाला आणि लोकांनी त्या दिवशी ठरवून जोडणी केली नाही. १९९९ मध्ये बोरिस बेकर टीव्हीवरच्या जाहिरातीत, इंटरनेटवर जाणे किती सोपे आहे याचे नवल करत होता. आमच्याकडे ते तिसऱ्या प्रयत्नात जमे. २००० साली टी-ऑनलाईनने महिना ७९ मार्कांत हवे तितके डायल-अप देऊ केले आणि पुढच्याच वर्षी ते बंदही केले. तिकडे भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणले, तेही मोजक्या शहरांत. लाईन मिळणे हेच मोठे काम. सुरुवात इतकी फसली की निगमचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी चूक झाल्याचे जाहीरपणे कबूल केले होते. खाजगी कंपन्यांना परवानगी मिळायला १९९८ साल उजाडले.

थोडक्यात काय, लाईन दोषी आहेच. पण त्या लाईनीवरून आपण मराठी कशी पाठवत होतो? माझी खरी तक्रार इथून सुरू होते.

तेव्हा संगणकावर मराठी दाखवायचे मुख्य मार्ग तीन होते. तिन्हींचे आपण नीट परीक्षण करू.

पहिला मार्ग चित्राचा. मजकूर मराठीत लिहायचा, त्याचे चित्र काढायचे आणि पानावर ते चित्र चिकटवायचे. दिसायला सुरेख, कोणत्याही संगणकावर उमटणारे. पण हिशेब बघा. आमच्या मोडेममधून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे तीन किलोबाईट येत. हजार शब्दांचा लेख चित्ररूपात दीडशे किलोबाईटचा झाला, तर तो यायला पन्नास सेकंद. एका युनिटात चार लेख, तेही मध्ये लाईन तुटली नाही तर. त्यात पानाच्या दोन्ही बाजूंना लुकलुकणाऱ्या पणत्या, डोक्यावर हलणारे तोरण आणि न विचारता सुरू होणारी आरतीची धून. पणत्या आधी येत आणि लेख अर्धा उतरला की जोडणी तुटे. कित्येक रात्री मी बारा फेनिग देऊन फक्त तोरण पाहिलेले आहे! वाचणारा युनिट मोजत बसला आहे हे पान करणाऱ्याच्या गावीही नसे. लेखक कसा आहे याआधी तो वाचकाचा विचार करतो का, हे परीक्षणात पाहतात. त्या कसोटीवर ही पाने नापास.

दुसरा मार्ग खाजगी फॉन्टचा. शिवाजी, किरण, शुषा ही नावे जुन्या मंडळींना आठवत असतील. संगणकाला वाटायचे की आपण इंग्रजी अक्षरे साठवतो आहोत, आणि फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवायचा. एका फॉन्टमध्ये ज्या खुणेवर 'क' असे, त्याच खुणेवर दुसऱ्यात 'म' असू शके. लाईनीच्या दृष्टीने हा मार्ग फार हलका, कारण हजार शब्द सात-आठ किलोबाईटमध्ये, तीन सेकंदांत हजर. फॉन्ट एकदाच उतरवून घ्यायचा. अडचण अशी की प्रत्येक वृत्तपत्राचा, प्रत्येक संस्थेचा फॉन्ट निराळा. मजकूर ज्या फॉन्टमध्ये लिहिला तो फॉन्ट हरवला की उरतो तो नुसता कचरा. घर बांधले आपण, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार होता.

तिसरा मार्ग रोमन लिपीचा. 'आई' हा शब्द ए, ए, आय अशा तीन इंग्रजी अक्षरांत. ळ आणि ल, ण आणि न यांची खिचडी. त्यालाही शिस्त लावणारे लोक होते. अविनाश चोपडे यांनी १९९१ मध्ये आयट्रान्स ही लिप्यंतराची प्रणाली केली, तिच्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेली रोमन खूण होती. ही मराठी डोळ्यांना बोचे, पण पाठवायला सर्वांत सोपी आणि कुठेही उमटणारी. आणि गंमत म्हणजे, मैत्रिणींनी १९९८ मध्ये रोमनमध्ये पाठवलेली पत्रे मी आजही जशीच्या तशी वाचू शकते. तिघींत सर्वांत कुरूप ती सर्वांत दीर्घायुषी निघाली.

चौथा मार्ग नव्हता का? होता, पण तो आपल्या दारापर्यंत पोचला नव्हता. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण घरोघरी असलेल्या विंडोज ९८ ला ती धड मांडता येत नसे. विंडोज २००० मध्ये ती सोय आली, आणि एक्सपीमध्येही मूळ सीडी घालून एक खूण करून ती चालू करावी लागे. तेव्हा १९९८ मध्ये ज्यांनी रात्री जागून मराठी पाने केली, त्यांना दोष देताना हेही लिहिले पाहिजे. त्यांच्यामुळेच परदेशात बसून आम्हाला मराठी वाचायला मिळाले. माझी तक्रार त्यांच्या हेतूबद्दल नाही. हे तात्पुरते आहे हे विसरून आपण त्यात सगळे ठेवून दिले आणि नंतर मागे वळून पाहिले नाही, ही माझी तक्रार.

आता जरा घरचे सांगते, कारण मी हे परीक्षण लिहायला बसले ते पणत्यांच्या रागाने नव्हे.

माझे वडील, अण्णा, साताऱ्यात शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते घराजवळच्या एका सायबर कॅफेत जाऊन मराठी टायपिंग शिकले. कारण एकच, लेक लांब आणि फोन महाग. १९९९ ते २००१ या काळात त्यांनी मला ईमेलला जोडून एकतीस पत्रे पाठवली. सगळी देवनागरीत. मी ती रात्री नऊनंतर उतरवून घ्यायची, लाईन बंद करायची आणि मग फुकटात, सावकाश वाचायची. मधेच त्यांचा तो कॅफे बंद पडला आणि ते दुसऱ्या कॅफेत जाऊ लागले. तिथला फॉन्ट वेगळा. त्या पत्रांतली अक्षरे माझ्याकडे उमटेनात. मी कळवले, तर फोनवर म्हणाले, "अगं, विशेष काही नव्हतं. जाऊ दे." मीही जाऊ दिले. लेक लहान होती आणि मिनिटामागे पैसे पडत होते. अण्णा २००४ मध्ये गेले.

२०१९ मध्ये तळघर आवरताना फ्लॉप्या सापडल्या. बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणून त्या उघडल्या, तर एकतीसपैकी एकही पत्र वाचता येईना. पानेच्या पाने टिंबे, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरे आणि चौकोन. आमचे इंटरनेट तोवर कितीतरी पटीने जलद झाले होते आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. वडिलांची पत्रे हातात असून ती मला कळत नव्हती.

फ्रँकफुर्टच्या एका मैत्रिणीच्या जुन्या सीडीवर पहिल्या कॅफेतला फॉन्ट मिळाला आणि तेवीस पत्रे एका रात्रीत जिवंत झाली. दोन पत्रे अर्धीच होती, उतरवताना लाईन तुटली असणार. आणि सहा पत्रे त्या दुसऱ्या फॉन्टची, जो कुठेच सापडला नाही.

इथे मदतीला आला तो अण्णांचा मायना. लेक तेव्हा माहितीशास्त्र शिकत होती. ती म्हणाली, "आई, हे कूट असल्यासारखं सोडवू या. आजोबा प्रत्येक पत्रात तेच तेच काय लिहायचे?" मी म्हटले, अगं, सगळ्यांत वर 'श्री'. मग 'सातारा' आणि तारीख. मग 'चि. सौ.', माझे माहेरचे लाडके नाव आणि 'हिस अनेक उत्तम आशीर्वाद'. आणि शेवटी 'कळावे'. वाचता येणाऱ्या तेवीस पत्रांत तो मायना एका शब्दानेही बदललेला नव्हता. त्या ओळी समोरासमोर ठेवल्या आणि एकेक खूण फुटत गेली. स, त, र, आ, श, व... जुन्या वळणाचा मायना म्हणजे रिकामा उपचार, असे मी कॉलेजात असताना एका निबंधात मोठ्या आवेशाने लिहिले होते. ते विधान मी या अंकात मागे घेते. त्या हिवाळ्यात आम्ही मायलेकींनी सहाही पत्रे सोडवली. क्वचित येणारी दोन-तीन जोडाक्षरे तेवढी अजून अंदाजाने वाचतो.

पत्रांत खरोखरच विशेष काही नव्हते. पाऊस, पेन्शन, शेजारच्यांचे लग्न. पण एकात त्यांनी लिहिले होते की आज लाईन दोनदा गेली, तिसऱ्यांदा बसलो आहे. कॅफेतला मुलगा म्हणाला, काका, इंग्रजी अक्षरात लिहा, लगेच जाईल आणि तिकडे नक्की दिसेल. मी त्याला सांगितले, बाळा, माझ्या मुलीला मी दुसऱ्याच्या लिपीत हाक मारणार नाही.

हे वाचले आणि माझे अर्धे परीक्षण मला पुन्हा लिहावे लागले. वर मी रोमनला दीर्घायुषी म्हणून गुण दिले आहेत, ते बरोबरच आहेत. पण माणसे युनिट मोजतानाही चित्रांचा आणि फॉन्टचा खटाटोप का करत होती, हे अण्णांनी एका वाक्यात सांगितले. लिपी ही त्यांची हौस नव्हती, तो त्यांचा आवाज होता. दोष त्या आग्रहाचा नव्हता. दोष याचा, की त्या आग्रहाला सगळ्यांची मिळून एक समान खूण मिळायला उशीर झाला, आणि ती मिळाल्यावर जुने नव्यात आणून ठेवायचे काम आपण कुणीच अंगावर घेतले नाही.

या संदर्भात आमच्या गावचीच एक गोष्ट आठवते. योहानेस रेबमान हा मिशनरी १८२० मध्ये गेर्लिंगेनमध्ये जन्मला. १८४८ मध्ये किलिमांजारोचे बर्फाच्छादित शिखर पाहिल्याची वार्ता त्याने दिली म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण त्याने पूर्व आफ्रिकेतल्या भाषांचे शब्दकोशही जमवले. १८७५ मध्ये तो परतला तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. १८७६ मध्ये इथून जवळच कोर्नटालला तो वारला आणि किन्यासा भाषेचा त्याचा शब्दकोश पुढच्या वर्षी छापून निघाला. सुमारे दीडशे वर्षांनंतरही तो वाचता येतो. माझ्या वडिलांची पत्रे वीस वर्षांत वाचता येईनाशी झाली होती. वेग कुठला बरा हे सांगायची गरज नाही, पण टिकणे कुणाचे बरे, याचा विचार व्हावा.

आता निकाल. एकतीस पत्रांपैकी लाईनीने माझी दोन अर्धी पत्रे नेली, आणि ती कायमचीच गेली. त्याबद्दल तिला मी माफ केलेले नाही. पण उरलेली एकोणतीस बंद करून ठेवली ती आपल्या पद्धतीने. नाटुकल्यात आपण फक्त त्या दोघींवर हसलो.

आणि ही पद्धत गेली असे कुणी समजू नये. लाईन जलद झाली म्हणून मराठी पुन्हा चित्रात जाऊन बसली आहे. आपल्या गणेशोत्सवाचे निमंत्रण गेल्या वर्षी मोबाईलवर आले ते एक सुंदर चित्र म्हणून. भाषांतर करून वाचावे म्हटले तर जर्मन जावयाला त्यातला मजकूर उचलून घेता येईना. ज्या काकूंची नजर अधू झाली आहे त्यांचा मोबाईल मजकूर वाचून दाखवतो, पण चित्रापुढे तो गप्प बसतो. आणि आपल्या स्मरणिकेचे जुने अंक? संगणकावर ते ठेवलेले आहेत, पण त्यांत 'गणपती' हा शब्द शोधून पाहा. गणपतीवर चार लेख असूनही एकही सापडत नाही, कारण ते अंक जुन्या फॉन्टमध्ये बांधलेले आहेत. टीका घरच्यांवर आहे, तेव्हा राग मानू नये.

माझ्या विनंत्या तीनच. निमंत्रणाचे चित्र जरूर करा, पण त्याखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकून पाठवा. जुने अंक कुणीतरी, आणि त्या कुणीतरीत मी माझे नाव पहिले देते, बसून युनिकोडमध्ये आणावेत. मंडळात इतकी संगणकवाली मुले आहेत, एक हिवाळा पुरेल. आणि ज्यांच्याकडे जुन्या फ्लॉप्या, सीड्या, आईवडिलांची पत्रे पडून आहेत त्यांनी ती या वर्षीच उघडून बघावीत आणि वाचता येतात ती कागदावर छापून ठेवावीत. फॉन्ट नसेल तर मला सांगा. माझ्याकडे दोन आहेत, एक मैत्रिणीने दिलेला आणि एक अण्णांच्या मायन्यातून आम्ही जुळवलेला.

कळावे, लोभ असावा.